गळकी गाडी आणि आबांचा डबा

आमच्या घरी एक मोटारसायकल आहे. टाकीवर अजून ‘हिरो होंडा’ असे लिहिलेले आहे, त्यावरून ती किती जुनी असेल ते वाचकांच्या लक्षात येईल. त्या दोन कंपन्या २०१०-११ मध्येच वेगळ्या झाल्या. गाडी स्प्लेंडर, २००८ चे मॉडेल. एका गुरुजींनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांची ही जुनी मी हप्त्याने घेतली. तेव्हापासून मुदखेड ते नांदेड, आणि आजूबाजूच्या खेड्यांतून, तिने माझी जेवढी सेवा केली तेवढी माझ्या सख्ख्या भावानेही केली नसेल. दिवसा मी लिपिक. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाची जात पडताळणी, कुणाला रातोरात विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे, अशी कामे चालू असतात. ही सारी कामे या गाडीच्या पाठीवर होतात.

गेल्या पावसाळ्यापासून गाडीचे ऑइल गळू लागले. उजव्या बाजूला जे मोठे कव्हर असते, ज्याला आपल्याकडे क्लच कव्हर म्हणतात, ते खालून ओले दिसायचे. त्याच्यावर धूळ बसून काळा चिखल व्हायचा. मी दर रविवारी चिंधी घेऊन पुसायचो. पुसले म्हणजे काम झाले, असा माझा हिशेब! ऑइल कमी झाले की वरून ओतायचे. बी. कॉम. झालेला माणूस, म्हणून डायरीत लिहूनही ठेवायचो: अमुक तारीख, ऑइल पाव लिटर. महिन्याच्या शेवटी बेरीज करायचो. घट किती ते मला पक्के माहीत होते. ती कुठून होते ते शोधावे, असे मात्र एकदाही मनात आले नाही.

नाही म्हणायला गॅरेजला दोनदा नेली. त्या पोराने कव्हर खालून ओले पाहिले आणि कव्हरचे पॅकिंग बदलले. पुन्हा गळू लागली. दुसऱ्यांदा त्याने पॅकिंगला सिलिकॉनची ट्यूब फासून कव्हर बसवले. दोन्ही वेळचे मिळून चौदाशे रुपये गेले. पंधरा दिवसांत कव्हर पुन्हा ओले. त्या पोराला मी नावे ठेवणार नाही. त्याच्याकडे दिवसाला वीस गाड्या येतात आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते. शिवाय गाडी त्याच्याकडे साइड स्टँडवर उभी असायची. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि ऑइलही आतल्या आत डावीकडे जाते. उजवी बाजू कोरडीच दिसते. गळती व्हायची ती चालत्या गाडीत. हे आम्हाला फार उशिरा कळले.

कळले ते असे. माझी मुलगी नांदेडला डिप्लोमाला आहे, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी तिला स्टेशनवर सोडायला जात होतो. फुलांचे दिवस होते. आमचे मुदखेड जंक्शन म्हणून सर्वांना माहीत आहे, पण इथली फुलशेतीही नाव घेण्यासारखी आहे. सकाळी सकाळी झेंडूच्या आणि गुलाबाच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो रस्त्याने धावत असतात. असाच एक टेम्पो पुढे होता आणि तो अचानक थांबला. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय सटकला. उजव्या कव्हरच्या बरोबर खाली ब्रेकचे पायडल येते. त्यावर ऑइल आले होते, माझ्या चपलेच्या तळव्यालाही ते लागले होते. पुढचा ब्रेक दाबून आणि गाडी बाजूला घेऊन कसेबसे वाचलो, तरी गाडी आडवी झालीच. मुलीचे कोपर खरचटले. टेम्पोवाल्यानेच उतरून आम्हाला उठवले. पोरगी काही बोलली नाही. रेल्वेत बसताना मात्र म्हणाली, “पप्पा, आपण रोज पुसतो, पण बघत नाही.”

त्या दिवशी कार्यालयात माझे कशातच लक्ष लागले नाही. एका चिंधीच्या आळसापायी मी पोरीला टेम्पोच्या मागच्या फळीवर नेऊन आदळणार होतो.

आता इथे आबांविषयी सांगावे लागेल. आबा म्हणजे माझे वडील. वय पंच्याहत्तर. पंचायत समितीत हातपंप यांत्रिकी म्हणून त्यांची नोकरी झाली. १९७२ च्या दुष्काळात ते पोरसवदा होते, कामावर खडी फोडायला जायचे. पुढे विंधन विहिरी खोदणारी गाडी तालुक्यात आली, तिच्यावर पाईप उचलायला मजूर म्हणून लागले आणि तिथून हातपंपाच्या कामात शिरले. जुने ओतीव लोखंडाचे पंप एका घरापुरते केलेले असत. साऱ्या गावाने दिवसभर दांडा मारला की ते मोडायचे. आपल्याच मराठवाड्यात जालन्याला मिशनच्या लोकांनी मजबूत पंप तयार केला, त्याला जालना पंप म्हणत. मग सोलापूरचा पंप आला. या पंपांच्या अनुभवावरून, युनिसेफच्या मदतीने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. आज खेड्यात जो दांड्याचा पंप दिसतो तो बहुतेक हाच. आबांना हा इतिहास कुठल्या पुस्तकातून माहीत नाही. एकेक पंप उघडून माहीत आहे.

मार्क टू पंपाचे खरे काम जमिनीखाली, खोल पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये चालते. तिथे कातड्याच्या वाटीसारखे वायसर असतात. ते झिजले की दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही. एक वायसर बदलायचे तर सगळे पाईप एकेक करून वर ओढावे लागत. चार-पाच माणसांचे काम. उन्हाळ्यात आबा पहाटे निघायचे ते रात्री यायचे, अंगावर ग्रीस आणि गंजाचे लाल पाणी. नवे वायसर ते आदल्या रात्री तेलात भिजत घालायचे. माय ओरडायची, “खायाचं तेल हाय ते!” आमच्या घरात भजी कमी आणि वायसर जास्त तळले, असे आम्ही भावंडे म्हणायचो.

माझी आजी तरुण होती तेव्हा आडावर उभी राहायची. कुणी वरून ओतले तर तिची घागर भरायची. तिचाच मुलगा पुढे गावोगावचे पाणी चालू करत फिरला. एका गावात आबांनी दुपारभर खपून पंप चालू केला. ते पाने गोळा करीत असतानाच दोघींनी पहिल्या घागरीने पंपाचा दांडा धुतला, आणि मग पाणी भरायला सुरुवात झाली. आबांनी घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी आठवी-नववीत असेन. मी म्हणालो, पंप तसाच सोडून यायचा होता. आबा म्हणाले, “अन् आपल्या वाड्यातल्या बायांनी काय प्यायचं? त्यो पंप त्यांचाबी हाय.”

अशा माणसाचा मुलगा मी. वाहन माझे, गळती माझी, आणि घरातच जन्मभर गळती काढणारा माणूस बाजेवर बसलेला. पण मी त्यांना विचारले नाही. का विचारले नाही, त्याचे कारण जुने आहे आणि ते लिहायला मला बरे वाटत नाही. तरी लिहितो. मी नांदेडला बी. कॉम. ला असताना एकदा आबा खोलीचे भाडे द्यायला थेट कॉलेजच्या फाटकाशी आले. कामावरून आले होते, तेच ग्रीसचे कपडे. बरोबरच्या मुलांनी विचारले, हे कोण? मी म्हणालो, “वडिलांच्या ऑफिसातले आहेत.” आबा चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकले की नाही, हे मला आजपर्यंत माहीत नाही. पैसे देऊन ते गेले. चहाही घेतला नाही. त्यानंतर पाने-पेचकस या गोष्टींपासून मी लांबच राहिलो. लोकांपुढे भाषणात श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी पुष्कळ बोललो आहे, आणि बोलताना दर वेळी ते फाटक आठवते.

हा अंक आबा वाचतात. चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. तेव्हा हेही वाचतील.

असो. त्या रविवारी मुलगी घरी होती. तिने कव्हर रॉकेलने आणि ब्रशने स्वच्छ धुतले, वाळवले आणि त्याच्यावर माझ्या दाढीच्या सामानातली पावडर फुंकली. म्हणाली, आता दोन किलोमीटर फिरवून आणा. फिरवून आणली. कव्हर खाली ओले झालेच होते, पण पांढऱ्या पावडरीत ऑइलची एक काळी रेघ स्पष्ट दिसत होती. ती वरून खाली आली होती. कव्हरच्या माथ्यावर, जिथे क्लचची वायर एका लहान दांडीला अडकवलेली असते, त्या दांडीच्या बुडापासून रेघ सुरू झाली होती. ऑइल तिथून बाहेर पडायचे, कव्हरच्या कडेने उतरायचे आणि खालच्या पॅकिंगपाशी थेंब धरायचे. आम्ही आजवर चौदाशे रुपये थेंबाला दिले होते.

आबा बाजेवरून पाहत होते. म्हणाले, “काय करलालास रं?” मी सांगितले. ते काठी टेकत आले, खाली वाकले, दांडी बोटाने हलवून पाहिली. “दांडा फिरतो तितं वायसर असतंय. ते कडक झालंय. पाणी काय अन् त्याल काय, वरून निघतंय अन् खाली दिसतंय.” मग मला म्हणाले, “अन् तू वरून ओतलालास ते खुणेच्या वर तर ओतत न्हाईस ना?” ओततच होतो! कमी होते म्हणून थोडे जास्तच घालायचो. ऑइल खुणेच्या वर गेले की आतला दाब वाढतो आणि कच्च्या सीलमधून ते अधिकच बाहेर फेकले जाते. इंजिनाचा श्वास सोडणारी एक रबरी नळी असते, ती मातीने बुजली तरी हेच होते. आमची अर्धी बुजलेली निघाली.

ज्याला ते वायसर म्हणत होते त्याला बाजारात ऑइल सील म्हणतात. बाहेरून धातूची कडी, आत रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठाभोवती केसासारखी बारीक गोल स्प्रिंग. दांडा फिरतो, ओठ त्याला चिकटून राहतो, ऑइल आतच राहते. एवढ्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक झाले, यात कंपनीचा काही दोष नाही. सील तीस रुपयांना मिळाले. किकच्या दांड्यालाही त्याच कव्हरमध्ये असेच सील असते; कव्हर उघडणारच आहोत तर तेही घेऊ, असे मुलगी म्हणाली. एक पॅकिंग, आणि ऑइलचा नवा डबा.

पुढच्या रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरून बसलो. गाडी मधल्या स्टँडवर. इंजिन जरा गरम करून खालचा नट काढला आणि ऑइल तसराळ्यात उतरवले. किक काढली, फुटरेस्ट काढले, सायलेन्सर उतरवला, क्लचची वायर सोडवली. मग कव्हरचे आठ नंबरचे बोल्ट. ते सगळे सारख्या लांबीचे नसतात, आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ॲल्युमिनियम फुटते. इथे माझी कारकुनी कामाला आली. मी एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचत गेलो. मुलीने त्याचा मोबाईलवर फोटोही काढला. आबा पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, “हे बरं केलास. आमी इसरत होतो.” त्यांच्या तोंडून माझ्या कारकुनीचे कौतुक मी प्रथमच ऐकले.

कव्हर ओढून निघेना. मी पेचकस फटीत घालणार तोच आबांनी काठीने माझा हात मागे केला. कव्हर आणि इंजिन ज्या तोंडांनी एकमेकांवर बसतात तिथे पेचकसाचा ओरखडा उठला की ती गळती जन्माची. लाकडी दांडक्याने चहूबाजूंनी हलके ठोकले, तेव्हा कव्हर सुटले. आत पाहतो तर गॅरेजवाल्याच्या सिलिकॉनचे लाल-लाल धागे लोंबत होते, दोन तुटून खाली जाळीपाशी पोचलेले. ती जाळी बुजली तर पंपाला ऑइल मिळत नाही, आणि मग गळतीशिवायही इंजिन जळते. धागे एकेक करून चिमट्याने वेचले, जाळी काढून धुतली. जुने पॅकिंग ब्लेडने आडवे धरून, न खरवडता काढण्यातच तास गेला. आबा म्हणत होते, घाई करू नको, हेच खरे काम आहे, बाकी सगळे पाने फिरवणे.

कव्हर उलटे करून आतली स्प्रिंग आणि तिची लहान पिन सोडवली, तेव्हा दांडी वर निघाली. आबांनी ती हातात घेऊन नखाने चाचपली. दांडीवर खाच पडली असेल तर नवे सील घालून उपयोग नसतो. तिथून ते पुन्हा गळणार. खाच नव्हती. जुने सील काढले. ते इतके कडक झाले होते की बोटांत दाबल्यावर टिचले.

नवे सील हातात घेतले आणि मी अडलो. ते कुठल्या तोंडाने बसवायचे? एका बाजूने ते सपाट दिसते, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग दिसते. मला वाटले, स्प्रिंगची बाजू बाहेर ठेवावी, म्हणजे वरून दिसेल. मुलगी म्हणाली, आत. मी म्हणालो, कशावरून? ती पुस्तकातले सांगू लागली. आबांनी मात्र आतून त्यांचा डबा मागवला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, निवृत्त होताना घरी आणलेला. त्यात काही जुने पाने, आणि तळाशी कातड्याची दोन वायसरे, कधीच न वापरलेली. त्यातले एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. “हे वाटीवानी हाय का न्हाई? वाटीचं तोंड वर असतंय, पाण्याकडं. पाण्याचा भार पडला की वाटी फाकती अन् नळीला दाबून बसती. जितका भार, तितकी घट्ट. उलटी घातली तर भार तिला मिटवतो अन् पाणी बाजूनं पळतंय. तुजं हे बी वाटीच हाय. तोंड त्यालाकडं.”

म्हणजे आत. पोरगीचे बरोबर होते, आणि का बरोबर होते ते मला आता कळले. त्यांचा हात कापतो, तरी त्यांनी सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावले. सपाट बाजूवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून मी सील सरळ दाबत, हलके ठोकत बसवले. दांडी घालताना आणि पुढे कव्हर किकच्या दांड्यावर चढवताना दातऱ्यांनी नवा ओठ फाटू नये, म्हणून दातऱ्यांवर दुधाच्या पिशवीचा प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला. ही युक्ती मुलीची.

दुपारी जेवताना तिने मोबाईलवर शोधून वाचून दाखवले, की असली सीले पूर्वी रबराची नव्हतीच. जर्मनीत वाइनहाइम या गावी फ्रॉयडेनबर्ग नावाचा कातडे कमावण्याचा जुना कारखाना होता. वाल्टर सिमर नावाच्या इंजिनिअरच्या नावाने ओळखले जाणारे फिरत्या दांड्याचे सील १९३० च्या सुमारास तिथे तयार होऊ लागले, ते कातड्याच्या ओठाचे होते. कृत्रिम रबर नंतर आले. आबा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी कातड्याचंच की. साऱ्या जगाचं यंत्र कातड्यावर चाललं अन् नावं ठिवायला कातडंच.” माय म्हणाली, “जेवा आता.”

कव्हर बसवताना सिलिकॉन लावले नाही, कोरडे पॅकिंगच. पुठ्ठ्यावरून बोल्ट एकेक काढून त्यांच्या जागी घातले, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेलो. माझा जोर सुटू लागला तशी आबांची काठी पुन्हा आली. ऑइल या वेळी खुणेपर्यंतच. क्लचच्या लिव्हरला टोकाशी बोटभर सैलपणा ठेवला; अजिबात नसेल तर क्लच घसरून प्लेटा जळतात. संध्याकाळ झाली होती. सकाळी नऊला बसलो ते साडेपाचला उठलो. गॅरेजच्या पोराने हे काम दीड तासात केले असते, तेही खरेच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पावडर फुंकून नांदेडला गेलो. एका मुलाच्या पडताळणीचे कागद द्यायचे होते. ते देऊन तसाच परत आलो. जाऊन येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर. अंगणात गाडी लावली तेव्हा आबा वाटच पाहत होते. कव्हर पांढरे ते पांढरेच. त्यांनी बोट फिरवून बोटाला लागलेली पावडर मला दाखवली, धोतराला पुसली, आणि जुने टिचलेले सील डब्यात त्या कातड्याच्या वायसरांशेजारी टाकून झाकण लावले.

मग काठी टेकत गाडीच्या डाव्या बाजूला गेले, चेनच्या पुढच्या दातऱ्या चाकापाशी वाकले, आणि म्हणाले, “हिकडनं बी पाझरलालंय. पुढच्या ऐतवारी कुठं जाणार न्हाईस ना?”

एक कार्यक्रम होता. तो मी शनिवारी घ्यायला सांगितला आहे.